कानाने आणि सहा फुटांवरून : वाचून दाखवण्यासाठी नवे चित्रपुस्तक कसे पारखावे

पुस्तक प्रदर्शनात टेबलापाशी उभे राहून आपण चित्रपुस्तक चाळतो, तेव्हा ते आपण मनातल्या मनात, एका फुटावरून, भरपूर उजेडात आणि एकदाच वाचत असतो. बालवाडीत किंवा घरी तेच पुस्तक मोठ्याने वाचले जाते, पाच-सात फुटांवर बसलेल्या मुलांना दाखवले जाते, उजेड असेल तसा असतो आणि पुस्तक आवडले तर ते पंचवीस वेळा वाचावे लागते. प्रदर्शनातली एकही परिस्थिती इथे लागू पडत नाही आणि म्हणूनच टेबलावर मोहवून टाकणारी कितीतरी पुस्तके वर्गात आपटतात. ज्या परिस्थितीत पुस्तक वापरले जाणार, त्याच परिस्थितीत ते आधी तपासायचे, एवढाच पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा आधार आहे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात रात्रीच्या जंगलाचे एक देखणे पुस्तक पाहून मी भारावून गेले आणि त्याच्या दहा प्रती घेऊन आले. जुलैच्या एका सकाळी, पत्र्याच्या छपराच्या बालवाडीत वीज गेलेली असताना मी ते उघडले. काळ्या पानावर राखाडी अक्षरे छापलेली होती, ती मलाच दिसेनात. मुलांना त्या पानांत घुबडाचे दोन डोळे सोडले तर काहीही दिसत नव्हते, आणि वर पावसाचा ताशा चालू होता. दहातल्या नऊ प्रती अजून कोऱ्या आहेत.

एका पुस्तकाला साधारण पाऊण तास द्यावा लागतो आणि त्यात मुलांसमोरचे वाचन धरलेले नाही. एका बैठकीत चारपेक्षा जास्त पुस्तके तपासू नयेत, कारण पाचव्या पुस्तकापर्यंत आपला कान बोथट झालेला असतो.

पहिली पायरी : पुस्तक खुर्चीवर ठेवावे आणि मागे सरकावे

मधले कोणतेही पान उघडून पुस्तक खुर्चीवर उभे करावे आणि तीन-चार पावले मागे जाऊन जमिनीवर, मुले बसतात त्या उंचीवर बसावे. चित्रात कोण आहे, काय करते आहे आणि त्याचा चेहरा हसरा की रडवेला, एवढे तरी तिथून कळले पाहिजे. डोळे किलकिले करून पाहिल्यास ही परीक्षा आणखी चोख होते, कारण तशाने बारकावे पुसले जातात आणि फक्त मोठे आकार उरतात. हे आकार एकमेकांत मिसळून गेले, तर शेवटच्या रांगेतल्या मुलाला ते पान म्हणजे एक रंगीत डाग आहे. असे पुस्तक वाईट असते असे नाही. मुंग्यांची वारुळे, जत्रेतली गर्दी, बाजारातली पन्नास माणसे अशी खचाखच भरलेली पाने एका मुलाला मांडीवर घेऊन पाहण्यासाठी अप्रतिम असतात, पण वीस मुलांच्या गटात तीच पाने भांडणाला निमित्त होतात, कारण प्रत्येकाला पुढे यायचे असते.

त्याच बैठकीत कागदाची चकाकी पाहून घ्यावी. गुळगुळीत चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचा पट्टा पडतो आणि नेमका नायकाच्या तोंडावर पडतो. पुस्तक थोडे तिरके धरून तो हलवता येतो का, हे पाहावे. मॅट कागद या कामाला जास्त बरा, जरी त्यावर बोटांचे डाग लवकर पडत असले तरी.

बांधणीकडे सहसा कोणी पाहत नाही, पण गटासमोर वाचताना तिचे महत्त्व फार आहे. छपाईचा मोठा ताव घडी घालून आठ किंवा सोळा पानांचा गठ्ठा, म्हणजे फॉर्म तयार होतो, त्यामुळे चित्रपुस्तके बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. कमी पानांच्या पुस्तकाला मधोमध पिना मारलेल्या असतात आणि ते पूर्ण सपाट उघडते. जाड पाठीच्या, गोंदाने चिकटवलेल्या पुस्तकात दोन पानांमधली खाच चित्राचा बोटभर भाग गिळून टाकते. चित्र दोन पानांवर पसरलेले असेल आणि हत्तीचे तोंड नेमके त्या खाचेत गेले असेल, तर सगळे वाचन संपेपर्यंत मुले बिनतोंडाचा हत्ती पाहत राहतात. शेवटी पुस्तक खांद्याच्या बाजूला एका हाताने पाच मिनिटे धरून पाहावे. मनगट दुखू लागले तर ते पुस्तक टेबलावर ठेवून वाचायचे आहे, हे आधीच ठरवता येते. त्याच स्थितीत, म्हणजे तिरक्या नजरेने, आपल्याला मजकूर वाचता येतो का तेही तपासावे. पानोपान फिरणारी, वळणे घेत जाणारी, चित्राच्या पोटात शिरणारी अक्षरे कलात्मक दिसतात खरी, पण वाचणारीची मान मोडतात.

दुसरी पायरी : मजकूर झाकून नुसती चित्रे वाचावीत

एक कोरी कागदी पट्टी घ्यावी आणि प्रत्येक पानावरचा मजकूर झाकत, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत फक्त चित्रांवरून स्वतःला गोष्ट सांगावी. ज्यांना वाचता येत नाही अशा श्रोत्यांसाठी आपण पुस्तक निवडतो आहोत, तेव्हा त्यांच्या जागी बसण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. मुखपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या वाटणाऱ्या पानांवरही कधीकधी गोष्टीची सुरुवात दडलेली असते आणि मोठी माणसे ती हमखास ओलांडून जातात.

आता पट्टी काढून मजकूर वाचावा आणि दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्यात. मजकूर म्हणतो, ‘मनीने दूध प्यायले’, आणि चित्रात मनी दूध पिते आहे. असे पान चालते, पण सगळे पुस्तक तसेच असेल तर चौथ्या वाचनाला मुलांना पाहण्यासारखे काही उरत नाही. मजकुरात आजी म्हणते, ‘घरात कोणीच नाही’, आणि चित्रात पलंगाखालून दोन पाय दिसत आहेत, तर ते पान सोन्याचे आहे. मुलांना जे आजीला माहीत नाही ते माहीत असते आणि ती ओरडून सांगतात. तिसरा प्रकार मात्र निव्वळ निष्काळजीपणाचा असतो. एका पुस्तकात कोंबडीला पाच पिल्ले असल्याचे लिहिले होते. मी ते दोनदा वाचून पसंत केले होते. वर्गात त्या पानाशी येताच साडेचार वर्षांची एक मुलगी उठून पुढे आली, तिने पानाला बोट लावून मोजले आणि विचारले, ‘‘बाई, एक पिल्लू कुठंय?’’ चित्रात चारच होती. तेव्हापासून मजकुरातली प्रत्येक संख्या मी चित्रात मोजते.

संख्येइतकेच सातत्यही तपासावे. पान ४ वर लाल फ्रॉक घातलेली मुलगी पान ६ वर, दिवस बदललेला नसताना, निळ्या कपड्यांत असेल, तर तीन वर्षांची मुले ती दुसरीच मुलगी समजतात. अलीकडे संगणकाने आपोआप तयार केलेली चित्रे असलेली पुस्तकेही बाजारात दिसू लागली आहेत, त्यांच्या बाबतीत ही तपासणी दुप्पट काटेकोरपणे करावी. हाताची बोटे मोजावीत, वेणी प्रत्येक पानावर तेवढीच लांब आहे का ते पाहावे, बैलगाडीत जू बैलांच्या मानेवर आहे की हवेत तरंगते आहे हे बघावे. खेड्यातल्या मुलांना हे लगेच दिसते आणि मग गोष्ट बाजूला राहते.

तिसरी पायरी : मोठ्याने वाचून, ध्वनिमुद्रित करून ऐकावे

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि तीच सर्वाधिक टाळली जाते, कारण रिकाम्या खोलीत एकट्याने मोठ्याने वाचायची लाज वाटते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करून संपूर्ण पुस्तक वर्गातल्याच गतीने वाचावे, पान दाखवण्याएवढे थांबावे, आणि नंतर डोळे मिटून ऐकावे. जिथे जीभ अडखळली, जिथे वाक्याच्या मध्येच श्वास संपला, जिथे आपलाच आवाज कंटाळलेला वाटला, त्या जागा पेन्सिलने टिपून ठेवाव्यात. अडखळणे पहिल्या वाचनातले असेल तर ते सरावाने जाते. तिसऱ्या वाचनातही त्याच ठिकाणी अडखळलो, तर दोष वाक्याचा असतो.

वेळही याच वेळी मोजावा. दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी तीन-चार मिनिटे, चार-सहा वर्षांच्या गटासाठी सात-आठ मिनिटे, हा माझा अंदाज आहे आणि त्यात मुलांच्या बोलण्याचा वेळ धरलेला नाही. पुस्तकावर छापलेल्या पातळीवर इथे विसंबू नये. प्रथम बुक्स या मुलांची पुस्तके काढणाऱ्या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पुस्तके चार पातळ्यांत लावलेली आहेत आणि पहिली पातळी साधारण अडीचशे शब्दांपर्यंतची, दुसरी सहाशेपर्यंतची अशी चढत जाते. या पातळ्या मुलाने स्वतः वाचण्याच्या दृष्टीने केलेल्या आहेत. ऐकून समजण्याची ताकद वाचण्याच्या ताकदीच्या बरीच पुढे असते, त्यामुळे जे मूल अजून ‘क’ गिरवते आहे तेही पाचशे शब्दांची गोष्ट आनंदाने ऐकते. पहिली पातळी म्हणजे बालवाडी, असे समीकरण मांडणाऱ्यांच्या मुलांना वर्षभर ‘हा चेंडू आहे, तो चेंडू आहे’ ऐकावे लागते.

पद्यातील गोष्ट असेल तर टाळ्या वाजवत वाचावी. यमक जुळणे आणि ताल सांभाळणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ‘ससा गेला बाजारात, आणि गाजर घेऊन परत आला आपल्या घरात’ या माझ्याच बनवलेल्या ओळींत यमक व्यवस्थित आहे, पण पहिल्या ओळीला चार टाळ्या लागतात आणि दुसरीला सात. घरोघरच्या बडबडगीतांवर वाढलेली मुले अशा ओळीला हसतही नाहीत, नुसती गप्प होतात. गद्य गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारे एखादे वाक्य असेल तर ते जिभेवर बसणारे आहे का, हे पाहावे. चांगले पालुपद असेल तर तिसऱ्या वेळेला मुले आपल्या आधी ते म्हणतात.

आता मराठीपुरता एक प्रश्न येतो. ‘होते’ आणि ‘होतं’ यांपैकी कोणते रूप छापलेले आहे? मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनुसार बोलण्याचे चित्रण करताना ‘केलं, झालं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे आणि एरव्ही ‘केले, झाले’ अशी एकारान्त रूपे लिहायची असतात. गोष्ट सांगणे हे मुळातच बोलणे असल्यामुळे बालसाहित्यात अनुस्वारयुक्त रूपे सर्रास दिसतात आणि ती ऐकायला गोड लागतात. एकारान्त छापलेले गद्य वाचताना आपण आपोआप ‘होतं’ म्हणू शकतो, म्हणून तेवढ्यासाठी पुस्तक नाकारण्याचे कारण नाही. पण संवादातही ‘आई, माझे दप्तर कुठे आहे?’ असे छापील बोलणारे पाच वर्षांचे मूल असेल, तर लेखकाने ते मूल ऐकलेले नाही, असे खुशाल समजावे.

प्रदेशाप्रदेशातली मराठीही या टप्प्यावर आठवावी. पुण्यात छापलेल्या पुस्तकातले बटाटे आणि शेंगदाणे विदर्भातल्या मुलासाठी आलू आणि फल्लीदाणे असतात, मराठवाड्यात पेरूला जांब म्हणतात. चित्र स्पष्ट असेल तर वाचताना दोन्ही शब्द म्हणावेत, एवढेच. सगळे शब्द मुलांना आधीपासून ठाऊक असलेच पाहिजेत, हा आग्रह मात्र मला पटत नाही. ‘पेंढी’, ‘सुगी’, ‘कुंपण’, ‘लगबग’ असे तीन-चार नवे शब्द चित्रावरून आणि प्रसंगावरून उलगडत असतील, तर तो पुस्तकाचा गुण आहे. वाचणारीने ते बदलून सोपे करू नयेत.

अनुवादित पुस्तकांसाठी आणखी एक चाळणी

मराठीत येणाऱ्या चित्रपुस्तकांपैकी बरीच इंग्रजी किंवा हिंदीतून आलेली असतात. तुलिका, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांसारख्या अनेक भाषांत पुस्तके काढणाऱ्या संस्थांमुळे देशातल्या इतर भागांतल्या उत्तम गोष्टी आपल्याला मिळतात, ही मोठी सोय आहे. तरीही अनुवाद वाचून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

इंग्रजीतल्या प्राण्याला लिंग असलेच पाहिजे असे नाही, मराठीतल्या प्राण्याला मात्र ते चिकटलेलेच असते. खार स्त्रीलिंगी, ससा पुल्लिंगी, कासव आणि घुबड नपुंसकलिंगी. मूळ गोष्टीतली खार मुलगा असेल आणि अनुवादात ‘तो खार झाडावर चढला’ असे आले असेल, तर प्रत्येक वाक्याला मुलांच्या कानाला ठेच लागते. जाणता अनुवादक अशा वेळी तिला ‘खारुताई’ करतो किंवा प्राण्याला नाव देऊन त्या नावाने गोष्ट पुढे नेतो. नात्यांचेही तसेच. इंग्रजी गोष्टीत एकच शब्द भागवून नेतो, तिथे मराठीत मावशी, आत्या, काकू की मामी हे ठरवावे लागते आणि एकदा ठरवले की शेवटपर्यंत पाळावे लागते. ‘आई, मी तुझ्यावर प्रेम करतो’ असे म्हणणारे मूल मी अजून पाहिलेले नाही. आपली मुले ‘तू मला खूप आवडतेस’ म्हणतात किंवा काही न बोलता पदर धरतात. पाण्यात दगड पडल्यावर ‘स्प्लॅश’ आणि कुत्र्याच्या तोंडी ‘वूफ’ असेल, तर अनुवादकाने ‘डुबुक’ आणि ‘भो भो’ असलेल्या भाषेत राहून उपास केला म्हणायचा.

हिंदीतून आलेल्या पुस्तकात फसवे शब्द शोधावेत. ‘हत्तीला पाहून मुंगी हैराण झाली’ हे वाक्य हिंदीत मुंगीच्या आश्चर्याचे असते, मराठीत ते तिच्या छळाचे होते. ‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’ या शब्दांचीही अशीच गत आहे.

अनुवादाची सर्वांत कठीण परीक्षा पान उलटताना होते, म्हणून ती चौथ्या पायरीत घेते.

चौथी पायरी : उजव्या पानाच्या शेवटी थांबावे

चित्रपुस्तक आणि साधी सचित्र गोष्ट यांत फरक करणारी जागा म्हणजे उजव्या पानाचा खालचा कोपरा, जिथे आपले बोट पान उलटण्यासाठी टेकलेले असते. प्रत्येक उजव्या पानाशी थांबून स्वतःला विचारावे की आता पुढे काय होईल, हे मला जाणून घ्यायचे आहे का. निदान पाच-सहा ठिकाणी उत्तर ‘हो’ यायला हवे. पुस्तक उघडल्याबरोबर मुलांना डावे-उजवे पान एकदमच दिसते, हे लक्षात ठेवावे. डाव्या पानावरच्या मजकुरात ‘दारामागे कोण असेल बरं?’ असे विचारले आणि उजव्या पानावर अस्वल उभे असेल, तर प्रश्न विचारून होण्याआधीच वीस तोंडांतून उत्तर आलेले असते. उत्तर पानाच्या पाठीमागेच असले पाहिजे.

मराठी वाक्यात क्रियापद सहसा शेवटी येते. इंग्रजीत ‘होते’ आधी येते आणि ‘अस्वल’ शेवटी, त्यामुळे अस्वल पुढच्या पानावर ढकलणे सोपे असते. अनुवादकाने वाक्य सरळ उलगडले तर डाव्या-उजव्या पानावर ‘दाराच्या मागे एक मोठे अस्वल’ आणि पान उलटल्यावर फक्त ‘होते’ असा प्रकार होतो. मी हे छापलेले पाहिले आहे. भाषेत मुरलेला अनुवादक बोलण्यातली उलटी रचना वापरतो : ‘आणि दारामागं होतं...’ पान उलटा, ‘अस्वल!’ नवे अनुवादित पुस्तक हाती आले की मी सर्वांत आधी अशा दोन-तीन जागा काढून पाहते, कारण तिथे अनुवादकाचा कान लगेच कळतो.

एका जोडपानावर किती वेळ थांबावे लागते, हेही ध्वनिमुद्रणावरून कळते. चाळीस सेकंदांच्या पुढे एकच चित्र समोर राहिले की लहान मुलांची नजर खिडकीकडे वळते, असा माझा अनुभव आहे. मजकूर छान पण लांब असेल, तर ते पुस्तक पहिली-दुसरीच्या मुलांसाठी बाजूला काढावे.

पाचवी पायरी : गोष्टीत कोण काय करते, ते पाहावे

रुडीन सिम्स बिशप या अमेरिकी अभ्यासिकेने १९९० साली पुस्तकांना आरसे आणि खिडक्या म्हटले : मुलाला स्वतःचे जग दाखवणारे पुस्तक आरसा, दुसऱ्याचे दाखवणारे ती खिडकी. आपल्या संग्रहात दोन्ही हवीत. पण एकेका पुस्तकापुढे बसून ‘यात मुलगी आहे का, आजोबा आहेत का’ अशा खुणा करत गेल्याने काही साधत नाही, कारण चित्रात असणे आणि गोष्ट पुढे नेणे यात अंतर असते. अडचण कोणाला येते, युक्ती कोणाला सुचते, आणि त्या वेळी बाकीचे काय करत असतात, एवढे पाहिले तरी बरेच कळते. मुलगी शाळेत जाते आणि भाऊ तिची छत्री शोधून देतो, पण पानोपानी स्वयंपाकघरात एकटी आईच उभी आहे, हे चित्रकाराच्या हातून नकळत होते. एका पुस्तकात ते चालेल. शेल्फातल्या वीसच्या वीस पुस्तकांत असेल तर पुढची खरेदी ठरवताना ते आठवावे. आदिवासी पाड्यावरची मुले गोष्टीत फक्त नाचतच असतील आणि वारली चित्रांची नक्षी नुसती समासात महिरप म्हणून लावलेली असेल, तर डहाणूच्या पाड्यावर तेच पुस्तक वाचताना आपल्याला कसे वाटेल, हा प्रश्न पुरेसा आहे.

परदेशी गोष्टीला देशी सदरा घालण्याचा प्रकार मला सर्वांत जास्त खटकतो. मजकुरात मंगेश, आणि चित्रात सोनेरी केसांचा मुलगा बर्फात घसरगाडी ओढतो आहे. बर्फ असायला काहीच हरकत नाही, कोकणातल्या मुलांना बर्फ पाहायला फार आवडते. पण त्या मुलाचे मूळ नाव तसेच राहू द्यावे. मुले नवे नाव दोन मिनिटांत शिकतात.

शेवटच्या पानावर अचानक एखादे मोठे माणूस अवतरून तात्पर्य सांगू लागते का, तेही पाहावे. तसे असले आणि बाकीचे पुस्तक गुणी असले, तर ते शेवटचे वाक्य मी सरळ गाळते. भीती, मत्सर, आजोबांचे जाणे असे विषय आहेत म्हणून पुस्तक नाकारू नये. फक्त ते पहिल्यांदा कधी आणि कोणासमोर वाचायचे, हे ठरवून ठेवावे.

माहितीपर चित्रपुस्तकांत तथ्ये पडताळावीत. आठ पायांच्या कोळ्याला कीटक आणि वटवाघळाला पक्षी म्हणणारी पुस्तके अजून निघतात. देवमाशाच्या बाबतीत तर आपल्या शब्दातच मासा बसला आहे, त्यामुळे तो मासा नाही हे पुस्तकाने मुद्दाम सांगायला हवे.

सहावी पायरी : मुलांसमोर तीनदा

इथपर्यंत तगलेले पुस्तक मुलांपुढे न्यावे. बारा-पंधरा मुलांचा अर्धगोल पुरे. वेळ सकाळची, खाऊच्या आधीची ठेवावी. पहिल्या वाचनात प्रश्न विचारू नयेत, प्रस्तावना करू नये, नाव वाचून सरळ सुरुवात करावी. एखादी सहकारी बाजूला बसून टिपणे घेणार असेल तर उत्तम. नसेल तर मोबाइल कोपऱ्यात ठेवून आवाज मुद्रित करावा.

काय पाहायचे, तर मुलांचे गुडघे. गोष्ट पकडू लागली की मांडी घालून बसलेली मुले नकळत पुढे सरकतात, मग गुडघ्यांवर उभी राहतात आणि मागची पुढच्यांच्या पाठीवर रेलतात. पान ८ पर्यंत अर्धगोल वितळून घोळका झाला असेल, तर पुस्तक चालले. गप्प बसणे म्हणजे कंटाळणे नव्हे. तोंड उघडे आणि नजर पानावर असेल तर ती शांतता चांगली. एखादे मूल चपलांकडे पाहू लागले तर ते मूल, आणि चार मुले पाहू लागली तर ते पान, असे मी समजते आणि पानाचा क्रमांक लिहून ठेवते.

दुसरे वाचन दोन-तीन दिवसांनी घ्यावे, आणि पहिल्यापेक्षा त्यालाच अधिक महत्त्व द्यावे. पहिल्यांदा नावीन्यावर काहीही चालून जाते. दुसऱ्या वेळी मुले पुढचे आधीच सांगतात, आपण गाळलेला शब्द पकडतात, चित्रातले असे काही दाखवतात जे आपल्याला दिसलेले नव्हते. या वेळी मध्ये थांबून बोलावे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना वाचताना हो-नाही उत्तराचे प्रश्न कमी करून ‘काय’ आणि मोकळ्या उत्तराचे प्रश्न विचारायला, मुलाचे वाक्य थोडे वाढवून परत म्हणायला शिकवले होते आणि महिन्याभरात मुलांच्या बोलण्यात फरक पडलेला दिसला. पुस्तक पारखताना याचा उपयोग उलट बाजूने होतो. असे मोकळे प्रश्न विचारायला पुस्तक जागा देते का? ‘ती रुसून का बसली असेल?’ याचे उत्तर पुढच्याच ओळीत छापलेले असेल, तर बोलायला काय उरले?

तिसरे वाचन दुसऱ्या गटासमोर करावे, कारण एक गट बिघडलेला असू शकतो. दुपारचे ऊन, शेजारच्या मांडवातला लाउडस्पीकर, आदल्या दिवसाची जत्रा यांमुळे चांगले पुस्तक पडलेले मी पाहिले आहे. दोनदा पडले तर मात्र हट्ट धरू नये.

निवडल्यानंतर

तपासलेली पुस्तके मी चार ढिगांत ठेवते. गटासमोर वाचायची, मांडीवर घेऊन एक-दोन मुलांना दाखवायची, मुलांनी स्वतः चाळण्यासाठी खालच्या फळीवर ठेवायची, आणि परत करायची. चांगले पुस्तक चुकीच्या ढिगात गेले की वाईट ठरते, म्हणून परत करण्याच्या ढिगात टाकण्याआधी उरलेल्या दोन शक्यता नक्की तपासाव्यात. गटासाठीच्या पुस्तकाची एकच प्रत पुरते; मांडीवरच्या पुस्तकांच्या दोन-तीन घ्याव्यात, कारण ती घरी जातात आणि भिजून परत येतात. स्टोरीवीव्हरवरची पुस्तके मुक्त परवान्याची असल्यामुळे छापून घेता येतात, पण घरच्या छपाईत दोन पानांवरचे चित्र तुटते आणि पान उलटण्याची जागा सरकते, तेव्हा आधी एक प्रत काढून चौथी पायरी पुन्हा करावी.

परदेशातल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळांसाठी निवडताना द्विभाषी पुस्तकांचा मोह होतो. तिथली वाचू लागलेली मुले मराठी ऐकता ऐकता खालची इंग्रजी ओळ वाचून मोकळी होतात. अशा वेळी दुसऱ्या पायरीतली कागदाची पट्टी पुन्हा बाहेर काढावी आणि इंग्रजी झाकून वाचावे.

प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत पेन्सिलीने पुढच्या वाचणारीसाठी चार ओळी लिहाव्यात : किती मिनिटे लागली, कोणत्या वयाला, कुठे थांबायचे, कोणता शब्द आधी सांगायचा. कोंबडीचे ते पुस्तक मी परत केले नाही. त्यात लिहिले आहे, ‘‘सहा मिनिटे. चार वर्षांपुढे. पान ९ वर पिल्ले चारच आहेत, मुले मोजतात. पाचवे कुठे गेले ते त्यांनाच विचारावे.’’